शिलेदारांची नगरं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझा भाचा बारा वर्षांचा आहे. सुट्टी लागली की तो आमच्याकडे नगरला येतो आणि येताना मोबाईलमधला एक खेळ घेऊन येतो. त्या खेळात शिलेदारांचा एक पंथ आहे. अंगात चिलखत, खांद्यावर लाल झगा. प्रत्येकाची तलवार वेगळी, तलवारीला नाव आणि त्या नावामागे एक दंतकथा. एकाची ढाल राक्षसाच्या खवल्यांची, दुसऱ्याचं शिंग फुंकलं की मेलेलं सैन्य उठून उभं राहतं. त्यांची नगरंही तशीच. एक बर्फाच्या कड्यावर, एक समुद्राच्या तळाशी. भाच्याला हे सगळं तोंडपाठ. शाळेतले सनावळे मात्र पाठ होत नाहीत, हे त्याच्या आईचं दुखणं.

एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मामू, अपने इधर ऐसे सरदारां नहीं थे क्या?" आमच्या घरात ही दखनी चालते आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मी म्हटलं, होते की. तू ज्या गावात जेवतोयस ते गावच अशा सरदारांनी वसवलंय. त्यावर तो जरा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पर मेरे दोस्त बोलते, तू उधर का है."

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी शाळेत असताना गॅदरिंगला दरवर्षी ऐतिहासिक नाटक बसायचं आणि दरवर्षी अफजलखानाचं काम माझ्याकडे यायचं. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. माझी उंची बरी, आवाज मोठा आणि नाव सोयीचं. काळ्या लोकरीची दाढी लावून मी लागोपाठ तीन वर्षं मेलो. टाळ्याही भरपूर पडल्या. तिसऱ्या वर्षी आई म्हणाली, "बेटा, पुढच्या वर्षी पडदा ओढायचं काम माग." बाकी ती काही बोलली नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी ठरवलं की भाच्याला आपल्या शिलेदारांच्या गोष्टी सांगायच्या. खेळातल्यासारख्याच, पण खऱ्या.

सुरुवात नगरापासून केली. 1490 साली मलिक अहमदनं इथं बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे चार वर्षांनी त्याच रणभूमीवर शहर उभारायला घेतलं. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहून गेलाय. भाचा म्हणाला, "मग ते कुठल्या बाजूचे?" मी म्हटलं, पुढे ऐक.

मग तोफेची गोष्ट. खेळातल्या कुठल्याही जादूच्या शस्त्राच्या तोंडात मारेल अशी एक वस्तू आपल्या नगरात तयार झाली. 1549 साली रूमीखान नावाच्या तुर्की ओताऱ्यानं ओतलेली मलिक-ए-मैदान. चौदा फुटांहून लांब, वजन सुमारे 55 टन. तोंडाशी उघडा जबडा कोरलेला आणि त्या जबड्यात हत्ती चिरडले जाताहेत. ती पुढे परांड्याला गेली आणि तिथून विजापूरला. आजही तिथल्या बुरुजावर आहे. लोक सांगतात की गोलंदाज बत्ती दिली की शेजारच्या हौदात बुडी मारायचा, नाहीतर कानाचे पडदे फाटायचे. पण मला तिची खरी गोष्ट जास्त आवडते. 1854 साली इंग्रजी अमलात या तोफेचा लिलाव झाला आणि बोली लागली 150 रुपयांची! कुणा जाणत्याच्या ध्यानात आलं म्हणून तो सौदा रद्द झाला, नाहीतर मैदानाचा मालक भंगारात गेला असता.

त्यानंतर चांदबिबी. ही हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा माहेर मोडायला आलं होतं. 1595च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद यानं नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. आतल्यांनी काही शोधून रिकामे केले, पण एक उडालाच आणि तटाला मोठं खिंडार पडलं. तेव्हा चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन चांदबिबी त्या खिंडारात उभी राहिली. दंतकथा सांगते, गोळे संपले तेव्हा तिनं तोफांत तांब्याची नाणी भरली, मग चांदीची, मग सोन्याची, आणि शेवटी अंगावरचे दागिने.

भाच्याचे डोळे चमकले. सोन्याचा तोफगोळा त्याच्या खेळातही नव्हता. पण मी त्याला म्हटलं, सोनं बाजूला ठेव. त्या रात्री काय झालं ते ऐक. मोगल रात्रीपुरते मागे हटले आणि आतल्या माणसांनी अंधारात दगड वाहून खिंडार बुजवायला घेतलं. सकाळी मोगलांनी पाहिलं तर भिंत पुन्हा उभी! अखेर वऱ्हाड घेऊन त्यांना तह करावा लागला. किल्ला वाचला तो सोन्यानं की त्या रात्रीच्या दगडांनी? त्या दगड वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि चांदबिबीचा शेवट? 1600 साली दुसऱ्या वेढ्यात ती शत्रूला मिळाली अशी अफवा उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. किल्ला थोड्याच दिवसांत पडला. ती "तिकडची" आहे एवढं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पुरलं. हे सांगताना मी भाच्याकडे पाहिलं नाही.

नगरच्या पूर्वेला डोंगरावर अष्टकोनी तीन मजली इमारत आहे. आम्ही तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. लहानपणी सहलीला जाऊन आम्ही तिथं डबे खाल्ले. खरं म्हणजे ती कबर आहे सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची. मला हे कॉलेजात बी.ए.ला असताना कळलं, तेव्हा थोडी चिडचिड झाली. आता होत नाही. लोकांनी एका कर्त्या वजिराची कबर काढून घेतली आणि एका दगाफटक्यानं मारल्या गेलेल्या बाईला राहायला घर दिलं. लोकांच्या मनातही कुठंतरी हिशेब असतो.

मग मलिक अंबर. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा, बाजार पालटत दख्खनला येतो आणि निजामशाहीचा वजीर होतो. दिल्लीच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं. जहांगीर बादशहाला तो हाती लागेना. तेव्हा बादशहानं काय केलं? चित्र काढून घेतलं! चित्रात भाल्यावर अंबरचं मुंडकं आहे आणि समोर बादशहा त्यावर बाण सोडतोय. अबुल हसन या चित्रकाराचं ते काम आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जे मैदानात जमलं नाही ते कागदावर केलं. भाचा म्हणाला, "म्हणजे बादशहाचाही खेळच होता." मी म्हटलं, अगदी बरोबर.

या अंबरची सगळ्यात मोठी लढाई आपल्या नगर तालुक्यातली. भातवडी, साल 1624. एकीकडे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र, दुसरीकडे अंबर. त्यानं भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, घोडी आणि तोफा जागच्या हलेनात, आणि मोठ्या फौजेचा धुव्वा उडाला. अंबरच्या बाजूनं त्या दिवशी कोण लढत होतं? शहाजीराजे भोसले आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी. शरीफजी तिथंच पडले. या भावांची नावं आली कुठून? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. दर्गा आजही नगरात आहे.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शिवाजीराजांचे चुलते शरीफजी? हे पुस्तकात एवढं ठळक का नाही?" मी काय उत्तर देणार? मीही तीन वर्षं अफजलखानच होतो, शरीफजींचं काम कुणी दिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मला हिवरे बाजारला जायचं होतं. भाच्याला बरोबर घेतलं. वाटेत त्याचं एकच, तिथं किल्ला आहे का? मी म्हटलं, चल तर खरं.

हिवरे बाजार आता सगळ्यांना माहीत आहे. पण मी लहान असताना या गावाचं नाव निघायचं ते पैलवानांमुळे, आणि नंतर निघू लागलं ते दारू आणि भांडणांमुळे. 1972च्या दुष्काळानं गाव मोडलं. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं कामाला बाहेर गेली. 1989मध्ये तरुणांनी पोपटराव पवारांना पुढे केलं. पोपटरावांना 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली ती अलीकडची गोष्ट. मधली तीस वर्षं लोकांनी श्रमदानानं डोंगरावर चर खणले, ओढ्यांना बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी आणली, चराईबंदी आणली, दारू बंद केली. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, असं ठरवलं. पाऊस इथं जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. तो मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि मग ग्रामसभेत बसून यंदा कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाण्याचा ताळेबंद, म्हणतात त्याला.

पारावर एक म्हातारे बसले होते. भाच्यानं त्यांना सरळ विचारलं, "आजोबा, इथं किल्ला नव्हता?"

"किल्ला कुठला रं बाबा? ह्यो डोंगर हाय. त्याच्यावर चर हायेत."

"मग इथला सरदार कोण होता?"

म्हातारे हसले. "सरदार एकला काय करील? घमेलं समद्यांनी उचललं."

तिथून पुढे गेलो तर एक छोटी मशीद. गावात मुसलमानाचं घर एकच, आणि त्या एका घरासाठी गावानं ही मशीद बांधून दिली. मी वजू करून दोन रकात नमाज पढलो. भाचा दारात उभा होता. बाहेर आल्यावर मी त्याला नगरच्या दमडी मशिदीची गोष्ट सांगितली. भुईकोट किल्ल्याजवळ 1567 सालची ही मशीद आहे, नाजूक नक्षीकामाची. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीची ती दमडी आणि हे घमेलं, यांत मला तरी फरक दिसला नाही.

परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट सुचली, ती तुम्हालाही सांगतो. आमच्या एकाच तालुक्यात, एका टोकाला भातवडीत, 1624 साली बांध फोडून लढाई जिंकली गेली. दुसऱ्या टोकाला हिवरे बाजारात बांध घालून जिंकली गेली. पहिलीची कथा सांगायला सोपी. त्यात घोडे आहेत, तलवारी आहेत, एक रात्र आहे. दुसरीत तीस वर्षं आहेत, आणि तीस वर्षं खेळात कशी दाखवणार? पण याच अंबरनं खडकी वसवली तेव्हा शहरासाठी जमिनीखालून नहर आणली होती, हे विसरू नका. खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, 2023मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या अहमदनगरचं 2024मध्ये अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांना लोक आठवतात ते त्यांनी बांधलेल्या घाटांसाठी आणि बारवांसाठी. नावं राज्यांबरोबर बदलतात, पाणी देणारा मात्र लोकांच्या लक्षात राहतो, मग तो हबशी असो की होळकरांची सून.

रात्री भाचा पुन्हा मोबाईल घेऊन बसला. मला वाटलं, संपलं, गेला परत बर्फाच्या कड्यावर. थोड्या वेळानं म्हणाला, "मामू, गॅदरिंगला शरीफजींचं काम असतं का?"

"नसतं."

"का?"

"तसं नाटकच नाही कुणी लिहिलेलं मुलांसाठी."

"मग तुम्ही लिहा ना. तुम्ही कवी आहात."

श्रोतेहो, आजवर मी कविता लिहिल्या, नाटक कधी लिहिलं नाही. पण हे लिहायला घेतलंय. एकच अंक आहे. भातवडीचा तलाव, रात्र, पाऊस. अंबरचं काम भाच्याचा तो मित्र करणार आहे, "तू उधर का" म्हणणारा. त्याला विचारलं तर लगेच तयार झाला, फक्त तलवार मोठी हवी म्हणाला. शहाजीराजे अजून मिळायचेत. आणि चांदबिबीच्या तटावर रात्री दगड वाहिलेली माणसं मी या नाटकात घुसवलीत, इतिहासकार मला माफ करोत. त्यांना संवाद नाहीत, पण पडदा पडेपर्यंत ती मंचावर असतात. या वेळी पडदा ओढायला मीच आहे.

नमस्कार.