आधी ओल, मग लाकूड


लोणावळ्यात जुना कौलारू बंगला घेताय?
की मावळात एखादं जुनं घर?
विसार देण्याआधी सुताराला दाखवा.
जमलं तर श्रावणात.
उन्हाळ्यात काय, सगळीच घरं कोरडी दिसतात!

सुतार आधी वाशाचं टोक बघेल...
जिथं वासा भिंतीत शिरतो, तिथं.
तो दाभण टोचेल.
टणक लागलं, तर ठीक.
दाभण भसकन आत गेलं, तर लाकूड कुजलंय.
नुकताच रंग दिलेला असेल, तर जरा जास्तच टोचायला सांगा.

लाकूड कुजवते ती बुरशी.
लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल टिकली, की ती फोफावते.
म्हणून आधी ओल थांबवा.
फुटकं कौल बदला... तुंबलेली पन्हळ मोकळी करा.
पुन्हा सांगते, आधी ओल, मग लाकूड.

मग कुजका भाग कापायचा...
अगदी चांगलं लाकूड लागेपर्यंत.
तिथं वाळलेल्या सागाचा जोड द्यायचा.
भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर मात्र ती वाळवी.
तिचा इलाज वेगळा.

दुरुस्तीचा खर्च सुताराकडून लिहून घ्या.
आणि तो कागद समोर ठेवूनच...
घरमालकाशी किमतीचं बोला.