सापांचे श्वासरोग आणि नागपंचमीचें दूध



आमच्या चिमुरास नागपंचमी सणापुरतीच ठाऊक आहे असें नाहीं. 16 ऑगस्ट 1942 रोजीं येथील जनता परकीय सत्तेविरुद्ध उठली, तो दिवस नागपंचमीचाच होता. त्या स्मृतीस वंदन करून, याच सणाच्या निमित्तानें एका मुक्या जीवावर जी आपत्ति ओढवते, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

साप दूध पितो ही समजूत खोटी आहे. गारुडी त्याला कांहीं दिवस पाण्यावांचून ठेवतो. मग तहानलेला जीव समोर येईल त्या द्रवांत तोंड घालतो. कित्येकदां जबडा उघडून दूध ओततात. सापाच्या श्वासनलिकेचें द्वार तोंडाच्या तळाशीं, पुढच्याच भागांत असतें. त्यांतून दूध फुफ्फुसांत उतरतें. बहुतेक सापांचें डावें फुफ्फुस नाममात्र असतें. सारी भिस्त लांबलचक उजव्या फुफ्फुसावर. शिवाय छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा सापास नसतो, म्हणून आपल्यासारखें जोरानें खोकून आंत गेलेलें बाहेर टाकणें त्याला साधत नाहीं. दूध तेथेंच नासतें, जंतु माजतात आणि फुफ्फुसदाह होतो. दांत उपटल्यानें झालेली तोंडांतील जखम चिघळली, तर तिचा पूही याच वाटेनें आंत जातो. सापाच्या अंगची ऊब सभोवतालच्या हवेवर अवलंबून असते. श्रावणांतल्या ओल्या टोपलींत ती उणी पडली कीं रोगाशीं झगडण्याची शक्तीही खचते.

हा रोग ओळखावा कसा? साप तोंड उघडें ठेवून, मान उंच करून श्वास घेतो. नाकपुड्यांशीं फेस किंवा बुडबुडे दिसतात. तोंडांत चिकट लाळ अथवा दह्याच्या कवडीसारखा पू आढळतो. श्वासाबरोबर घरघर किंवा शिटी ऐकूं येते. मात्र नागाचा फूत्कार हा रोग नव्हे. कात टाकण्यापूर्वीं साप अन्न सोडतो, डोळे धुरकट होतात, तेंही स्वाभाविकच आहे. कात टाकून झाल्यावरही घरघर राहिली, तर मात्र रोगाचा संशय घ्यावा.

आतां उपचार. नाग, धामण, अजगर हे आपले साप घरीं बाळगणें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. असा आजारी साप आढळल्यास स्वतः हात न लावतां वनविभागास कळवावें. नागपुरास सेमिनरी हिल्स येथें वन्यप्राण्यांचें उपचार केंद्र आहे. शहरांतून कोणी आफ्रिकेंतील बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. असा साप आजारी पडल्यास त्यास इतरांपासून वेगळा, कोरड्या व स्वच्छ जागीं ठेवावें. पिंजऱ्याच्या एका टोकास त्या जातीला मानवेल इतकी ऊब द्यावी आणि दुसरें टोक थोडें थंड असावें, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडतां येते. तोंडांत तेल, काढा, दूध कांहींही घालूं नये. माणसांचीं औषधें अंदाजानें देऊं नयेत. पशुवैद्य तोंडांतील स्राव तपासून, क्ष-किरणांनीं फुफ्फुस पाहून योग्य औषध ठरवितात. तें बहुधा टोचून द्यावें लागतें आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. चार दिवसांत साप हुशार दिसला म्हणून औषध मध्येंच सोडूं नये.

परंतु टोपलींतल्या नागास हें उपचाराचें भाग्य क्वचितच लाभतें. म्हणून त्याच्या बाबतींत रोग होऊं न देणें हाच खरा उपाय, आणि तो आपल्या हातीं आहे. पाटावर चंदनानें नाग रेखून लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखविण्याची रीत आपल्या घरांतून जुनीच आहे. तीच पाळावी. गारुडी दारीं आला, तर त्याच्या पोटाची चिंता अवश्य करावी. त्यास शिधा द्यावा, अंगमेहनतीचें काम द्यावें. नागाच्या खेळासाठीं मात्र एक पैसाही देऊं नये. कारण त्या पैशावरच पुढल्या श्रावणांत दुसरा नाग बिळांतून ओढला जातो.