रंगपट्टीच्या दोन मर्यादा

सन २०१३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याला आपल्या तापमानाच्या नकाशासाठी दोन नवे रंग योजावे लागले. तोवर त्या नकाशाची रंगपट्टी ५० अंश सेल्सियसपाशी संपत असे. उन्हाळ्याची लाट त्यापुढे जाण्याचा अंदाज दिसू लागताच पट्टी ५४ अंशांपर्यंत वाढविण्यात आली, आणि गडद जांभळा व गुलाबी हे रंग तीत आले. वस्तुतः त्याच देशातील ऊडनादत्ता येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे घडून गेलेल्या उष्म्यालाही जुन्या पट्टीत स्वतंत्र जागा नव्हती! पुढे त्या महिन्यात पारा मूम्बा येथे ४९.६ अंशांवर थांबला, ही गोष्ट निराळी.

आकडे रंगांनी दाखवावयाचे म्हणजे प्रथम दोन संख्या निश्चित कराव्या लागतात. फिकट टोकाला कोणती व गडद टोकाला कोणती, एवढाच प्रश्न असतो. वरच्या मर्यादेपलीकडील सर्व आकड्यांना शेवटचा एकच रंग मिळतो. हे काम यंत्रावर सोपविले, तर ते पुष्कळदा त्या त्या दिवसाचा नीचांक व उच्चांक घेऊन मोकळे होते. मग ३० अंशांचा सौम्य दिवस आणि ४२ अंशांचा होरपळणारा दिवस, दोहोंच्या नकाशांत तोच लाल रंग झळकतो. दोन दिवसांची तुलना करावयाची असेल, तर मर्यादा दोन्ही नकाशांत एकच हवी. सरासरीपेक्षा कमीअधिक दाखविताना तर शून्य बरोबर मध्यावर असावे लागते. एरवी थंडीच उष्णतेच्या रंगात शिरावयाची.

तथापि मोठी मर्यादा घेतली म्हणजे सारे साधते, असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत मुंबईतील सांताक्रुझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर पडला. पट्टी शून्यापासून ९४४ पर्यंत समान ताणली, तर कुलाब्याचा पाऊस तिच्या बाराव्या हिश्शापर्यंतही पोहोचत नाही, आणि हवामान खात्याच्या लेखी जो जोराचा पाऊस, तो नकाशावर जवळजवळ कोरडा दिसतो. उलटपक्षी, खात्याचा सर्वांत वरचा वर्ग २०४.४ मिलिमीटरच्या पुढे सुरू होतो. पट्टी तेथेच थांबविली, तर २१० व ९४४ यांच्यात भेद उरत नाही. उपनगरात ज्यांच्या घरात त्या रात्री पाणी शिरले, त्यांच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हता.

अशा वेळी जाणता नकाशाकार पायऱ्या असमान ठेवतो. खाली १५, ६४ अशा जवळजवळच्या, वर दूरदूरच्या. पट्टीच्या टोकाशी तो एक लहानसा बाण काढतो. आकडे याहीपलीकडे गेले आहेत, असे तो बाण सांगतो. पुष्कळांची नजर त्या बाणाकडे जातच नाही.