घरची शेती, बाहेरची चाकरी आणि वाट दाखविणारा हात

(महोत्सवानिमित्त रत्नागिरी येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागील पिढ्यांचे स्मरण करावे आणि पुढील पिढ्यांची तरतूद पाहावी, असा आपला प्रघात आहे. स्मरणाचे कार्य आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्ही तरतुदीचा एक विषय आपणांपुढे मांडू इच्छितो. ज्याच्यापाशी एक-दोन एकर जमीन आहे, तेवढ्यावर ज्याचे पोट भरत नाही, आणि ती टाकून देण्यास ज्याचे मनही धजत नाही, अशा गृहस्थाने करावे काय? या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघर आहे. तो सुटला नाही, तर वाडवडिलांची खाचरे एकामागून एक पड राहतील, हे सांगावयास भविष्यवेत्ता नको.

प्रश्न नवा नव्हे. आपली भूमी डोंगराळ. पाऊस उदंड; परंतु तो चार महिन्यांत कोसळतो आणि समुद्रास मिळतो. खाली भाताची लहान खाचरे, वर वरकस, त्याच्याही वर उघडा कातळ. वाटण्या होता होता एकेका घराच्या वाट्यास काही गुंठेच उरले. म्हणूनच १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली, त्यानंतरच्या काळात रत्नागिरीचा तरुण बोटीत बसून त्या शहरी गेला आणि चाकरमानी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याची मनीऑर्डर गावी येई. गावाहून तांदूळ, कुळीथ व आमसुले त्याच्या खोलीवर जात. शेत राखले ते मात्र मागे राहिलेल्या स्त्रीने. तरवा काढणारी, बांध घालणारी, गुरे सांभाळणारी तीच होती. चाकरमान्याची कीर्ती पुष्कळ झाली. तिचे नाव कोणी फारसे घेत नाही, म्हणून आम्ही ते येथे प्रथम घेतो.

शेत आणि चाकरी यांपैकी कोण कोणास पोसते, असा वाद काही लोक घालतात. अनुभव असा की, दोन्ही एकमेकांस पोसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले आणि अनेक कामगार गावी परतले. मनीऑर्डरीने जे शेत जगविले होते, त्याच शेताने पगार बुडाल्यावर माणसे जगविली. आता उलट बाजू पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड भागांतील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा आडव्या केल्या. नारळ किंवा आंब्याचे कलम आज लावले, तर हाती लागेलसे उत्पन्न येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. ज्या घरात एखादा पगार येतो, त्या घरास ही वर्षे धीराने काढता येतात. ज्याचे सर्वस्व बागेवर, त्यास मात्र जमीन विकण्याचा विचार करणे प्राप्त होते. सारांश, चाकरी करणे हा शेतकऱ्यास कमीपणा नव्हे, आणि शेती करणे हा नोकरदाराचा छंद नव्हे. एकाच घराचे हे दोन खांब आहेत.

परंतु दोन खांब उभे करावयाचे, तर माप घेतले पाहिजे. पहिले माप दिवसांचे. भातशेती माणसास वर्षभर जखडून ठेवीत नाही. तिचा मुख्य तगादा लावणीच्या व कापणी-झोडणीच्या दिवसांत असतो. त्या वेळी रजा मिळत असेल, तर नोकरदारास ती साधते. काजूचे कलम तिसऱ्या वर्षापासून धरू लागते, आणि बी वेचण्याचे काम उन्हाळ्याच्या तोंडी येते. कोकमाचे झाड त्याहूनही कमी लक्ष मागते. आंबा मात्र मानी पाहुणा आहे. मोहोर फुटला आणि तुडतुडा दिसला, की फवारणी त्याच दिवसांत झाली पाहिजे. आपली रजा मंजूर होईपर्यंत कीड थांबत नाही. दूधदुभते व भाजीपाला यांस तर सकाळ-संध्याकाळ घरचा माणूस हवा. यास्तव जितके दिवस मोकळे, तितक्याच दिवसांची शेती पत्करावी. जो महिन्यातून एकदा गावी येतो, त्याने भाजीचा मळा धरू नये.

दुसरे माप पैशाचे. पगारातून शेतात किती गेले व शेताने किती परत दिले, याची वही निराळी ठेवावी. घरी शिजलेला तांदूळही तीत बाजारभावाने जमा धरावा आणि घरच्या माणसांची मजुरी खर्ची टाकावी. असे न करिता कोणी 'शेती परवडत नाही' म्हणून ती सोडतो, तर कोणी मुलांच्या शिक्षणाचा पैसा डोळे मिटून जमिनीत घालितो. दोघेही अंधारातच चालतात.

तिसरे माप चाकरीचे. रत्नागिरी शहरात, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मिरकरवाड्याच्या बंदरावर किंवा गावच्या शाळेत जे काम सायंकाळी घरी परतू देते, ते पगाराने काहीसे कमी असले तरी शेतकऱ्याच्या घरास पुष्कळदा अधिक उपकारक ठरते. मुंबईच्या खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च वजा घालून मगच दोन पगारांची तुलना करावी.

आता आमच्या भाषणाचा मुख्य मुद्दा. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. नवा मुलगा गावाहून आला, की आधी आलेला माणूस त्यास पथारीपुरती जागा देई, खानावळ दाखवी, गिरणीत बदली म्हणून लावून देई. मुंबईस जाणाऱ्या तरुणास वाट दाखविणारा कोणी तरी होता. गावी परत येऊन शेत धरू पाहणाऱ्या तरुणास मात्र असा कोणी नसतो! त्यास हसणारे भेटतात. हात धरणारा भेटत नाही.

विद्येची उणीव आहे असे नव्हे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे. शिरगावास भाताचे संशोधन चालते. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी व मिरी घेण्याची 'लाखी बाग' लोकांपुढे ठेविली. या संस्थांकडे अवश्य जावे. तथापि आपल्या खाचराचा कोणता बांध प्रथम फुटतो, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यास आणि विशेषतः आपल्या घरच्या आजीस ठाऊक असते. ती ज्या दिवशी आपणांतून जाईल, त्या दिवशी ते ज्ञानही जाईल.

यास्तव आमची सूचना अशी. प्रत्येक वाडीतील एका अनुभवी शेतकऱ्याने एका नवख्या घराचा एका हंगामापुरता भार घ्यावा. रविवारी मिस्सा आटोपल्यावर दोघांनी अर्धा तास बसून पुढील आठवड्याचे काम ठरवावे. वडीलधाऱ्याने सल्ला द्यावा. मालकी गाजवू नये. आपला खर्च व नुकसान त्यास प्रांजळपणे सांगावे. तरुणाने सुटीची मौज म्हणून न येता चिखलणीच्या दिवशी यावे, प्रथम वर्षी एकच खाचर करावे, आणि ज्याने शिकविले त्यास फुकटचा राखणदार समजू नये. त्याच्या लावणीस आपण सावडीने उभे राहावे, हीच त्याची गुरुदक्षिणा होय.

सोबतीचे आणखी एक कारण आहे. चहूकडे पड जमीन आणि मध्ये एकट्याचे पीक, अशी स्थिती झाली की वानरे व रानडुकरे त्या एका शेतावरच तुटून पडतात. दहा घरांनी मिळून केले, तर राखण वाटून घेता येते. तसेच सातबाऱ्यावर अनेक नावे असतील, तर कलम लावण्यापूर्वीच सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. झाड फळास आल्यावर उद्भवणारा तंटा वादळाहूनही अधिक नाश करितो.

बंधुभगिनींनो, मोठी शेती सर्वांस मिळणार नाही, मोठा पगारही सर्वांस मिळणार नाही. परंतु थोडी जमीन, माफक पगार आणि एक जाणता शेजारी ही तीन साधने आपणांपैकी पुष्कळांच्या आवाक्यात आहेत. येत्या मृगापूर्वी ज्यांस शिकावयाचे आहे आणि ज्यांस शिकविता येईल, त्यांनी परस्परांची गाठ घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.