ब्रेक कुठे दाबायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



तान्हा पोळा नुकताच झाला. पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार फिरली. माझाही एक बैल आहे. फरक इतकाच, की त्याला चाकं नाहीत आणि तो जागचा हलत नाही. संगणकावरच्या शर्यतीची गाडी चालवायला सीट, स्टिअरिंग आणि पेडलचा सांगाडा करतात, त्याला सिम्युलेटर म्हणतात. तो मी आणि माझ्या मुलाने घरी बनवला.

आधी कारण सांगतो. गेल्या वर्षी छिंदवाड्याहून रामाकोन्याला येत होतो. मोटारसायकल मुलगा चालवत होता, मी मागे. सिल्लेवानी घाटात तो वेगात वळणावर शिरला आणि मधोमध ब्रेक दाबला. खाली बारीक खडी. दोघेही पडलो. त्याला खरचटलं, माझ्या मनगटाला प्लास्टर लागलं. चार लोकांसमोर मी त्याला जे बोललो, ते मनगटापेक्षा जास्त दिवस दुखलं. दीड महिना घरात आम्ही फक्त कामापुरतं बोलत होतो.

एक दिवस त्याने मित्राचं जुनं स्टिअरिंग आणलं. पेडल तुटलेले. चाकांच्या खुर्चीवर बसून ब्रेक दाबला की खुर्चीच मागे पळायची. माझं प्लास्टर निघालं होतं. तो म्हणाला, "बाबा, वेल्डिंग करून काही जमेल का?"

माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आणि नोकरी हँडपंपाच्या कामाची. जमणार कसं नाही? चौकोनी पाइपचा सांगाडा केला, त्यावर भंगारातली गाडीची सीट बसवली. पेडलला फाटकाच्या बिजागऱ्या लावल्या. पेडल म्हणजे तरी काय, हँडपंपाच्या दांड्यासारखीच तरफ! टेकू थोडा सरकवला की जोर बदलतो. पहिली पट्टी मी पातळ घेतली होती. मुलाने जोरात ब्रेक दाबला आणि ती वाकली. नंतर जाड पट्टी घेतली.

खरी गंमत पुढे आहे. आधी आम्ही पेडलला रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा पोटेन्शिओमीटर लावला. तो पाय किती सरकला ते मोजतो. पण ब्रेक नीट लागेना. कधी कमी, कधी चाक जाम. विचार केला तेव्हा लक्षात आलं, की खऱ्या मोटारीत ब्रेकचा पेडल थोडा सरकून कडक होतो. त्यानंतर पायाला अंतर नाही, दाब कळतो. म्हणून वजनकाट्यात असतो तसा लोडसेल बसवला. लोखंडी कांबळ केसभर वाकते, तिच्यावरच्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. पेडलमागे कडक रबर लावलं.

तरीही ब्रेक किंचित उशिरा लागायचा. मुलानेच शोधून काढलं: लोडसेलचा सिग्नल वाढवणारी एचएक्स७११ ही चिप सेकंदाला १० वेळाच मोजत होती. तिची एक जोडणी बदलली की ती ८० वेळा मोजते. मी म्हणालो, "एक दशांश सेकंदाने काय होतं?" त्याने कागदावर हिशेब मांडला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. एक दशांश सेकंदात सव्वादोन मीटर. मग तो थोडा वेळ गप्प बसला. आम्हा दोघांनाही घाट आठवला होता.

त्या संध्याकाळी मी न रागावता सांगू शकलो. टायरची पकड मोजकीच असते. तीच वळायला लागते आणि तीच थांबायला. वळणात जोरात ब्रेक दाबला तर वळायला पकड उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा. तो म्हणाला, "हे तेव्हाच असं सांगितलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेत एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता. तिथल्या भात्यांचं तंत्र वापरून लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र बनवलं. ब्रिटनचा जान मार्डनबरो २०११ साली संगणकावरच्या शर्यतीतून निवडला गेला आणि २०१३ साली ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत खरी गाडी घेऊन उतरला. म्हणजे याला नुसतं पोरखेळ म्हणता येत नाही.

पण तरुण मित्रांनो, यात खडी नाही, आडवं येणारं जनावर नाही आणि पडल्याचं दुखणंही नाही. आपटलात तर एक बटण दाबून खेळ पुन्हा सुरू होतो. घाटात तसं बटण नसतं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच घाटातून आलो. तो पुढे, मी मागे. वळण यायच्या आधीच त्याने वेग कमी केला. मी काही बोललो नाही. फक्त त्याच्या खांद्यावरचा हात सैल सोडला.

सिम्युलेटर आमच्या अंगणातल्या शेडमध्ये आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर यावं. मात्र वडिलांनी मुलासोबत यावं, ही एकच अट.

गणपती बाप्पा मोरया!