मेळघाटचा रानपिंगळा

फाल्गुनात परतवाड्याहून सेमाडोहच्या वाटेला लागलात, की आधी भेटतो फुललेला पळस आणि त्यावर मधासाठी भांडणाऱ्या भोरड्या. लवकरच त्या मध्य आशियाकडे निघतील. पण मेळघाटचा खरा मानकरी वेगळाच: रानपिंगळा.

1884 नंतर हा पक्षी कुणाला सापडला नाही. पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्टझागेन यांनी 1914 चा एक नमुना दाखवला होता, पण तो संग्रहालयातून चोरलेला निघाला! अखेर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ सातपुड्यात जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला.

ओळखायचा कसा? गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं. घुबडाच्या जातीचा असून हा भरदिवसा शिकार करतो. पानगळ झालेल्या सागाच्या फांदीवर बसून शेपटी इकडून तिकडे हलवताना बघावं त्याला!

जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊन, पहाटेच. आणि एक विनंती: फाल्गुनाचे हे दिवस त्याच्या विणीचे असतात. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका.