ठमीचे शब्द कोणी कोणी दिले

(आपल्या मंदिराच्या ज्येष्ठ मंडळाच्या फेब्रुवारीतील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



"मुलाचं दुसरं वर्ष या विषयावर पंधरा मिनिटं बोला," असा निरोप आला तेव्हा मी आधी नको म्हणालो होतो. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी या देशात दोन-दोन, तीन-तीन मुलं वाढवली, तीही शिफ्टच्या नोकऱ्या करून आणि गॅसच्या मीटरमध्ये नाणी टाकून. तुमच्यापुढे एका मुलीच्या बापाने उभं राहायचं म्हणजे नातीने आजीला पुरणपोळी शिकवण्यातला प्रकार. पण सचिव काकू म्हणाल्या, "तुम्ही शिकवू नका हो, नुसतं सांगा. आमची मुलं दोन वर्षांची होती तेव्हा त्यांच्याकडे बघायला आम्हाला सवडच नव्हती." म्हणून सांगतो.

आमची ठमी पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. ठमी हे घरातलं नाव. पासपोर्टवर मोठं सुरेख नाव आहे, त्याला ती अजून ओ देत नाही.

ती चालायला लागली ती याच सभागृहात, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. पहिला वाढदिवस होऊन दोन आठवडे झाले होते. आरती चालू होती, ठमी खुर्ची धरून उभी होती, आणि टाळ्या वाजवायच्या म्हणून तिने दोन्ही हात सोडले. हात सोडल्याचं लक्षात आल्यावर तिने चार पावलं टाकली. मागच्या रांगेतून कोणीतरी आरतीच्या चालीतच "चालली, चालली" असं ओरडलं. गुरुजींनी आरती थांबवली नाही, पण निरांजनासकट मान वळवून त्यांनी पाहिलं, हे मी पाहिलंय.

त्यानंतर एप्रिलमध्ये ठमीची आजी, म्हणजे माझी आई, वाईहून आली. व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने. आई-वडिलांना कायमचं इकडे आणायचे नियम २०१२ पासून किती कडक झालेत, ते या खोलीत मी सांगायला नको. अर्ज करून दमलेली माणसं इथेच बसली आहेत. तर आम्हाला सहा महिने मिळाले, आणि ते ठमीच्या वयाच्या तेराव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंतचे होते. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, कॅलेंडर समोर ठेवून निवडायचे असते तरी हेच महिने निवडले असते.

आजीने तिला काय दिलं? रोज दुपारी "भूर" दिलं. ढगाळ असो, पाऊस असो, टोपडं बांधून भूर. आमच्या रस्त्यावरच्या कबुतरांना आजीने "काऊ" म्हणून टाकलं, कारण कावळा काही जवळ येईना. परिणाम असा, की ठमीच्या जगात अजून प्रत्येक पक्षी काऊ आहे. उद्यानातला हंससुद्धा काऊ. तळहातावर बोट फिरवून मोराला दाणा घालायचा, पाणी पाजायचं आणि मग बगलेत गुदगुल्या करायच्या, तो खेळ दिवसातून वीस वेळा झाला असेल. एकदा ठमीने आजीचा हात ओढून घेतला, उलटा केला आणि आजीच्या तळव्यावर आपलं बोट फिरवायला लागली. तेव्हा ती पंधरा महिन्यांची होती. तोवर तिच्याशी सगळं आम्ही करत होतो. त्या दिवशी तिने आमच्याशी काहीतरी केलं.

माती खाण्याचा प्रकारही झालाच. कुंडीतली माती तोंडात घातलेली पाहून आजीने "आ कर" म्हटलं. यशोदेला विश्वरूप दिसलं. आजीला अर्धी ब्लूबेरी आणि एक बटण दिसलं. बटण माझ्या शर्टाचं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजी परत गेली. विमानतळावरचं सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं ते. घरी आल्यावर ठमी आजीच्या खोलीचं दार उघडून आत गेली, पलंगाच्या पलीकडे वाकून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ती खोलीत गेली नाही, आणि मला त्या चौथ्या दिवसाचंच जास्त वाईट वाटलं. आता आम्ही शनिवार-रविवारी आमच्या दुपारी बारा वाजता फोन लावतो; तिकडे साडेपाच झालेले असतात, आजी कृष्णेच्या घाटावर गणपतीच्या देवळाशी बसलेली असते. ठमी वरणभाताचा घास फोनच्या काचेला लावते. आजी तिकडे तोंड उघडून "हं, खाल्ला" म्हणते. फोन पुसायचं काम माझं.

आजी गेली आणि ठमी पूर्णवेळ पाळणाघरात जायला लागली. तिथे दुसऱ्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की मुलगी बोलण्यात मागे वाटते, तेव्हा घरी फक्त इंग्रजी बोलून पाहा. मंडळी, सांगणारी बाई प्रेमळ होती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून राहिलो. ठमीची आई म्हणाली, "मी तिला झोपवताना इंग्रजीत काय म्हणू?" आणि मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या रविवारी मी हे इथे स्वयंपाकघरात बोललो. तेव्हा एका आजींनी मला थांबवून सांगितलं. त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता सांगतो. १९७४ साली त्यांच्या मुलाच्या शिक्षिकेने त्यांना हाच सल्ला दिला होता, आणि शिक्षिकेचा शब्द म्हणून त्यांनी पाळला. त्यांना स्वतःला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं, म्हणून त्या मुलाशी बोलायच्याच कमी झाल्या. मुलगा शिकला, उत्तम चाललंय त्याचं. "पण आता नातवंडं फोनवर 'हॅलो आजी' म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि त्यापुढे काय बोलायचं ते त्यांनाही कळत नाही आणि मलाही." हे सांगताना त्यांचा हात कणकेत होता, आणि तो थांबला नाही.

आम्ही हेल्थ व्हिजिटरला फोन केला. ठमीचे कान तपासून घेतले, कान ठीक निघाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बोलणं उशिरा असेल तर कानांची तपासणी करून घ्यावीच. "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणून सोडून देऊ नये. मग त्या बाईंनी विचारलं, शब्द किती? मी म्हटलं, अकरा. त्यांनी विचारलं, कोणत्या भाषेतले? मी इंग्रजीतलेच मोजले होते, कारण पाळणाघराने तेच विचारले होते. त्या म्हणाल्या, सगळ्या भाषांतले मोजा. उच्चार वेडावाकडा असला तरी एकाच गोष्टीला मूल नेहमी तोच आवाज काढत असेल, तर तो शब्द धरायचा. कुत्र्याला भूभू म्हणत असेल तर भूभू हा शब्दच. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, ज्या भाषेत तुम्हाला सहज, भरपूर बोलता येतं त्या भाषेत बोला, असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं. साधारण दोन वर्षांच्या सुमाराला मूल दोन शब्द जोडायला लागतं, तिकडे लक्ष ठेवा, आणि दोन ते अडीच वर्षांच्या मधल्या तपासणीला या.

मग आम्ही फ्रीजवर कागद लावला आणि यादी केली. चौतीस शब्द निघाले.

माझ्या बायकोने त्या यादीत एक रकाना वाढवला: शब्द कोणाकडून आला. हा रकाना भरताना आम्ही दोघं हसत होतो, आणि मधेच हसणं थांबत होतं. "भूर", "काऊ", "मम्मं", "गाई गाई" ही आजीची. "बबल", "बाय", "मोअर" पाळणाघराची. "मऊ" हा शब्द तिसऱ्या रांगेतल्या आजींच्या शालीचा. ठमी त्यांच्या मांडीवर बसून शालीवरून हात फिरवते. तेव्हापासून ती कोणत्याही कापडाला हात लावून मऊ म्हणते. एकदा गुरुजींच्या सोवळ्याला म्हणाली, त्यांनी सोसलं. "गोल", म्हणजे गोड, हा शिऱ्याच्या पातेल्याशी उभ्या असणाऱ्या काकूंचा. आणि "अये देवा" हा स्वयंपाकघरातल्या मावशींचा. मावशींचा डाव खाली पडला की त्या जे म्हणतात ते. पाळणाघरात ठमीच्या हातून चमचा पडला की ती तेच म्हणते, आणि तिथल्या मुलींनी मला विचारलं की हे कोणाचं नाव आहे का.

चौतिसांपैकी नऊ शब्द या इमारतीतून आलेले होते. आठवड्यातून दोन-तीन तास आम्ही इथे असतो. एवढ्यात नऊ.

त्यातला एक शब्द "दोदी". म्हणजे जोडी. तो आबांचा.

आबा म्हणजे आपल्या चपलांच्या कपाटापाशी खुर्ची टाकून बसणारे आबा. बस डेपोत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, पंचाऐंशी वय, गुडघे गेलेले, म्हणून मांडी घालून बसता येत नाही आणि आत खुर्चीवर बसायला आवडत नाही. म्हातारपणी देवाच्या दारात तरी बसावं, असं त्यांचं म्हणणं. दीड वर्षाच्या मुलाला सारख्याला सारखं लावायचा एक नाद लागतो, तो ठमीला नेमका आबांसमोर लागला. आबा एक बूट उचलून विचारायचे, "ह्याची जोडी कुठंय?" आणि ठमी तुरुतुरु जाऊन आणायची. अर्ध्या वेळा चुकीचा आणायची. मग आबा गंभीरपणे दोन्ही बूट पायाशी ठेवून म्हणायचे, "छे, ह्यांचं पटत नाही." गणेशोत्सवाच्या गर्दीत तिने अख्खा खालचा कप्पा नव्याने लावला होता. त्या दिवशी दोन डावे बूट घालून घरी गेलेले काका आज इथे आहेत. त्यांनी तक्रार केली नाही, त्यांचे आभार.

डिसेंबरपासून आबांची खुर्ची रिकामी आहे. फूटपाथवर बर्फ धरतं, बसस्टॉप पंधरा मिनिटांवर, मध्ये एक बस बदलायची. खिशात फ्रीडम पास आहे, पण पासाने पाय घसरायचा थांबत नाही. फोन केला की "मी ठणठणीत" एवढंच सांगतात. जानेवारीत आपण इथे बोरन्हाण केलं, तुम्ही सगळे होतात. ठमीला हलव्याचे दागिने घातले होते, कुरमुरे डोक्यावरून ओतले, द्राक्षं उभी चिरून ठेवली होती आणि त्यावरून माझी थट्टाही झाली. लहानग्यांच्या घशात अख्खं द्राक्ष अडकतं, म्हणून चिरतो, थट्टा चालेल. तर सगळी मुलं खाऊवर तुटून पडली आणि ठमी मुकुटासकट बाहेर चालती झाली. मी मागे गेलो. ती कपाटापाशी उभी होती. एका हातात कोणाचा तरी बूट, समोर रिकामी खुर्ची. माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा नाई."

हेल्थ व्हिजिटरने सांगितलेलं पहिलं दोन शब्दांचं वाक्य ते हेच. लाल पुस्तकात मी तारखेसकट लिहून ठेवलंय.

दुसऱ्या शनिवारी आम्ही आबांकडे गेलो. एकच खोली गरम होती, बाकी घरात श्वासाची वाफ दिसत होती. आबांनी दोन स्वेटरांवर कोट घातला होता. ठमी आत गेली, दारातल्या त्यांच्या सपाता उचलून आणल्या, त्यांच्या पायांशी शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "दोदी." आबा काही बोलले नाहीत. चहा ठेवायला उठले, आणि माझ्या कपात साखर दोनदा घातली.

आबांनी हे सांगायला हरकत घेतली नाही. फक्त म्हणाले, "माझ्या एकट्याचं नको सांगू, आणखी आहेत." कल्याण समितीकडे चौकशी केली. थंडीमुळे दोन महिन्यांत मंदिरात येऊ न शकलेले अकरा ज्येष्ठ आपल्या यादीत आहेत, त्यांपैकी सात एकटे राहतात. गाडीने ने-आण करायला नाव दिलेले सध्या चौघे. माझ्या गाडीत ठमीची खुर्ची सोडून दोन जागा आहेत, पैकी एक आबांची झाली. एक रिकामी आहे. दर रविवारी जमणार नसेल तर महिन्यातला एक रविवार दिला तरी वाटणी बसते. गाडी नसेल त्यांनी आठवड्यातून एक फोन स्वतःकडे घ्यावा. आणि कोणाचं घर आबांच्या घरासारखं थंड असेल तर कल्याण निधीतून हीटर आणि बिलाची मदत मिळते. अर्ज समितीच्या काकू स्वतः भरून देतात, नाव कुठेही लागत नाही.

आणखी एक मागणं, हे बाप म्हणून. इथे लहान मुलं तुमच्याजवळ आली की तुमच्यापैकी काहीजण चटकन इंग्रजीत सुरू होता. मुलांना बरं वाटावं म्हणूनच, मला कळतं. आमच्या ठमीशी मात्र मराठीतच बोला. कोकणी, वऱ्हाडी, जशी तुमची असेल तशी. रागावलात तरी मराठीत रागवा. यादीच्या रकान्यात अजून पुष्कळ जागा आहे.

नावं लिहायचा कागद चपलांच्या कपाटाशेजारी भिंतीवर लावला आहे. जरा उंच आहे, टाचा वर कराव्या लागतील. खाली लावला होता तो ठमीने फाडला.